छर्रा, उतरण आणि 'घर्षणामुळे' : नववीच्या वर्गातल्या प्रयोगाच्या नोंदी

७ जुलै

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. समीकरणं पोरांना लगेच पाठ होतात, गणितंही सुटतात. पण त्वरण म्हणजे काय ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून यंदा धडा सुरू करतानाच ठरवलं की गॅलिलिओची उतरण वर्गात बांधायची, तिच्यावरून छर्रा सोडायचा आणि गुरुत्व त्वरणाची किंमत, पुस्तकातला 'जी', पोरांनीच काढायची. आमची शाळा चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या गावात. प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं आणि एक लांब टेबल. दुसऱ्या कुठल्या शाळेत कुणाला हेच करायचं असेल तर खर्च, अडचणी आणि वाया गेलेला वेळ आधीच कळावा, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

उतरणच का? एक मीटरवरून सोडलेला दगड अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. तेवढ्यात काय मोजणार? गॅलिलिओपुढेही हाच प्रश्न होता. १६३८ साली छापलेल्या वर्णनात तो सांगतो की बारा हात लांब लाकडी तुळईत सरळ खाच खोदली, आतून चर्मपत्र लावून ती गुळगुळीत केली आणि कांस्याचा गोळा घरंगळत सोडला. गती तीच, फक्त मोजता येईल इतकी मंद केलेली.

सामान: २५ बाय २५ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी), १२ फुटी, स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानातून, ४५० रुपये. एसटीत तो मावत नाही. गावात येणाऱ्या ट्रॉलीची वाट पाहण्यात अख्खा दिवस गेला. छर्रे ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून, फुटक्या बेअरिंगचे, फुकट. १९ मिलिमीटर व्यासाचा एक छर्रा मुख्य धरला. अँगल पालथा नाही, उताणा ठेवायचा, म्हणजे इंग्रजी 'व्ही'सारखी खाच तयार होते आणि छर्रा बाहेर जात नाही.

९ जुलै

अँगल दोन बाकांवर टेकवला, एक टोक १५ सेंटिमीटर वर. तीन मीटर लांबीला १५ सेंटिमीटर, म्हणजे चढ ०.०५. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतली. अंतरं ३०, १२० आणि २७० सेंटिमीटर, म्हणजे एकास चारास नऊ. त्वरण एकसारखं असेल तर वेळा एकास दोनास तीन यायला हव्यात.

१२० सेंटिमीटरला कुणाचे २.७ सेकंद, कुणाचे ३.२. छर्रा तोच, उतरण तीच, फरक अंगठ्याचा. डोळ्यांनी पाहून बोट हलायला सुमारे पाव सेकंद जातो आणि तो प्रत्येकाचा, प्रत्येक वेळी वेगळा. सरासरी काढली तर गाडी थोडी रुळावर येते, पण पोरांना सरासरी म्हणजे चूक लपवायची युक्ती वाटते. आज त्यावर वाद न घालता आकडे तसेच फळ्यावर ठेवले.

१२ जुलै

एकीने विचारलं, गॅलिलिओकडे तर मोबाइल नव्हता, मग त्याने कसं मोजलं? त्याने पाणी मोजलं. मोठ्या भांड्याच्या तळाला बारीक नळी, गोळा सुटल्यापासून पोहोचेपर्यंत पडलेलं पाणी पेल्यात धरायचं आणि काट्यावर तोलायचं. जितकं पाणी तितका वेळ.

आम्हीही केलं. बादली टेबलावर, तिला सलाइनची नळी, खाली पेला. एका पालकांनी जळगावच्या सराफ बाजारातून सोनं तोलायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा एका दिवसापुरता आणून दिला. बादलीतली पाण्याची पातळी फार उतरू द्यायची नाही, नाहीतर धार मंदावते. सतत भर घालायला एक पोरगा बसवला.

पाणी आलं २२, ४४ आणि ६८ ग्रॅम, बऱ्याच फेऱ्यांची सरासरी. पोरं खूश. चारशे वर्षांपूर्वीची रीत मोबाइलच्या तोडीची निघाली! तोडीची निघणारच, कारण दोन्हीकडे चूक घड्याळाची नसून बोटाची आहे.

पण तिसरा आकडा ६६ हवा होता, आला ६८. मी 'जवळपास बरोबर' म्हणून पुढे जाणार होते. मागच्या बाकावरच्या मुलाने वही दाखवली. मोबाइलच्या मोजणीतही तिसरी वेळ तिपटीपेक्षा जास्तच होती, कमी एकदाही नाही. हे त्याने पाहिलं ते मोलाचं. बोटाची चूक दोन्ही बाजूंना पडते, कधी जास्त, कधी कमी. जी चूक नेहमी एकाच बाजूला पडते तिच्यामागे कारण असतं आणि ते शोधता येतं.

१५ जुलै

कारण सापडलं. गावातल्या गवंड्याकडून लाइनदोरी आणून अँगलच्या दोन टोकांमध्ये ताणली. मधोमध अँगल दोरीपासून दीड सेंटिमीटरहून जास्त खाली! स्वतःच्याच वजनाने झोळ. म्हणजे वरच्या भागात उतार जास्त, खालच्या भागात कमी. छर्रा सुरुवातीला जोरात निघणार आणि पुढे मंदावणार, म्हणून लांबच्या अंतराला वेळ जास्त.

आणखी एक गोष्ट गवंड्याने सांगितली. "मॅडम, तुमची फरशी मोरीकडे उतरती आहे." आम्ही दोन्ही टोकांची उंची फरशीपासून मोजत होतो. त्याच्या लेव्हलच्या नळीने पाहिलं तर तीन मीटरमध्ये फरशी जवळजवळ एक सेंटिमीटर उतरते. १५ सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे लहान चूक नव्हे. जो कुणी हा प्रयोग करेल त्याने उंची फरशीपासून कधीच मोजू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरायची. पाण्याची पातळी खोटं बोलत नाही.

दुरुस्ती: एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, फॅब्रिकेशनवाल्याने उरलेला तुकडा २०० रुपयांत दिला. सुताराने लाकडाचे गुटके करून प्रत्येकात 'व्ही' खाच कापली, ८० रुपये. गुटके फुटाफुटावर पाइपवर बसवले, त्यांच्यात अँगल. ज्या गुटक्याखाली फट राहिली तिथे पोस्टकार्डाचे तुकडे सारले. आता दोरी आणि अँगल यांच्यात केसाएवढीही फट दिसत नाही. या कामात तीन तासिका गेल्या, पण इथे घाई करू नये. उतरण सरळ नसेल तर पुढचं सगळं मोजणं फुकट.

१८ जुलै

आता बोट बाजूला करायचं होतं. छर्रा हाताने सोडला की कधी धक्का लागतो, कधी फिरकी बसते. म्हणून विद्युतचुंबक. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून थोडी तांब्याची तार, १२० रुपये. आमच्याकडे घरोघरी पाण्याच्या मोटरी, त्यामुळे असं दुकान दर मोठ्या गावात आहेच. जाड बोल्टवर तार गुंडाळली, वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची. कपाशीवर फवारणी सुरू असल्याने बॅटरी सुरुवातीला फक्त दुपारनंतर मिळायची.

वेळ मोजायला फायफॉक्स. जर्मनीत आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झालेलं मोफत अ‍ॅप आहे. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच पहिल्या आवाजाला सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. बटण बंद केल्याचा 'टक' हा पहिला आवाज, छर्रा खालच्या लोखंडी पट्टीवर आपटतो तो दुसरा.

बटण दाबलं. टक. छर्रा जागचा हलेना.

"मॅडम, हाऊ छर्रा हालस नही!"

वीज बंद, तरी बोल्ट छर्ऱ्याला धरून बसलेला. बोल्टच्या लोखंडात थोडं चुंबकत्व मागे उरतं. एरवी ते जाणवलं नसतं, पण आमचा चढ इतका कमी आहे की छर्ऱ्याला खाली ओढणारा जोर जेमतेम दीड ग्रॅम वजनाएवढा. तेवढं पेलायला उरलेलं चुंबकत्व पुरून उरलं.

२२ जुलै

उपाय साधा निघाला. बोल्टच्या तोंडावर सेलोटेपचे चार थर. लोखंडाला लोखंड चिकटेनासं झालं की उरलेल्या चुंबकत्वाची पकड सुटते, वीज चालू असतानाची पकड मात्र पुरेशी राहते. किती थर ते करून पाहावं लागतं. जास्त झाले तर छर्रा आधीच सुटतो. तारेला वीज फार वेळ देऊ नये, वेटोळं चटका बसेल इतकं तापतं.

आवाजाच्याही भानगडी. पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गातले पाढे, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, कशानेही घड्याळ सुरू व्हायचं. अ‍ॅपमधली आवाजाची मर्यादा वाढवली, पंखा बंद केला आणि मोजणी मधल्या सुट्टीनंतर न ठेवता सकाळी पहिल्या तासिकेला ठेवली. मोबाइल उतरणीच्या मधोमध ठेवावा. आवाजाला तीन मीटर यायला सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. मध्ये ठेवला की दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि तो वजाबाकीत निघून जातो.

२५ जुलै

चढ ०.०५. सरासरी वेळा: ३० सेंटिमीटरला १.४९ सेकंद, १२० ला २.९९, २७० ला ४.४८.

एकास दोनास तीन. एकाच अंतराच्या वेगवेगळ्या फेऱ्यांत फरक सेकंदाच्या एक-दोन शतांशांचा. वर्गात कुणी काही बोलायच्या आत एका मुलीने स्वतःहून फळ्यावर वेळेचे वर्ग मांडले आणि अंतराला त्यांनी भागलं. तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी. गॅलिलिओने हे शंभर शंभर वेळा करून पाहिल्याचं लिहिलं आहे, त्याचा अर्थ आज पोरांना कळला असावा.

याच तासाला एकाने विचारलं, छर्रा पट्टीवर आपटतो 'त्याच क्षणी' त्याचा वेग किती? क्षणाला तर लांबीच नाही, मग भागायचं कशाने? प्रश्न जुना आहे आणि आपल्याच मातीतला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ग्रहांसाठी 'तात्कालिक गती'चा विचार केला, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सहल तिकडेच न्यायची असं वर्गाने ठरवून टाकलं.

३१ जुलै

आता 'जी'. २७० सेंटिमीटर आणि ४.४८ सेकंद यांवरून त्वरण आलं ०.२६९ मीटर प्रति सेकंद वर्ग. उतरणीवर 'जी'चा चढाएवढाच भाग छर्ऱ्याला ओढतो, म्हणून चढाने, म्हणजे ०.०५ ने भागलं तर ५.४. हवं होतं ९.८.

इतका फरक येणार हे मला माहीत होतं, कारण छर्रा घसरत नाही, घरंगळतो. त्याची काही ऊर्जा पुढे जाण्यात खर्च होते, काही स्वतःभोवती फिरण्यात. भरीव गोळ्यासाठी पुढे जाण्याच्या वाट्याला सात भागांतले पाच येतात. म्हणून ५.४ ला ७/५ ने गुणायचं. गुणलं. आले ७.५.

अजूनही २३ टक्के गायब.

"घर्षण व्हई, मॅडम," तीन-चार जण एकदम.

हे उत्तर कुठून येतं ते मला ठाऊक आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत शेवटी एक ओळ असते: 'घर्षण व हवेचा रोध यांमुळे उत्तरात फरक आला.' कुठलाही प्रयोग असो, ही ओळ लिहिली की सही मिळते. मीही शाळेत लिहिलेली आहे. ती ओळ बहुतेक वेळा खोटी नसेलही, पण ती कुणी तपासलेली नसते. आज मी म्हटलं, घर्षण असेल तर दाखवा. ते नसतं तर काय झालं असतं आणि आहे म्हणून काय व्हायला हवं, ते आधी सांगा, मग मोजू.

दुसऱ्या एकाचा तर्क वेगळा: खान्देशात 'जी'च कमी असेल. हेही तपासता येतं, म्हणून आधी तेच घेतलं.

२ ऑगस्ट

लंबक. दोऱ्याला जड नट, आढ्यापासून नटच्या मध्यापर्यंत १०० सेंटिमीटर. लहान झोके, वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद. इथे बोटाची चूक चालते, कारण ती चाळीस सेकंदांत वाटली जाते. 'जी' आला ९.७७.

पृथ्वीवर 'जी' विषुववृत्ताशी सुमारे ९.७८ आणि ध्रुवांपाशी ९.८३. आपण २१ अंश अक्षांशावर, इथे तो ९.७९ च्या आसपास असतो. खान्देशावर ठपका नाही. रोट आणि कानबाईच्या सणामुळे आज वर्ग अर्धाच होता, त्यामुळे पुढचं काम सगळे परत येईपर्यंत थांबवलं.

५ ऑगस्ट

घर्षणाची झडती. मुलांनी वाद घालून ठरवलं: उतरण जास्त तिरपी केली की छर्ऱ्याला ओढणारा जोर वाढतो, घर्षण मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे घर्षण दोषी असेल तर कमी चढावर तूट खूप मोठी आणि जास्त चढावर लहान दिसायला हवी.

चढ ०.०२ (६ सेंटिमीटर): वेळ ७.१६ सेकंद, 'जी' ७.३७.
चढ ०.०५ (१५ सेंटिमीटर): ४.४८ सेकंद, 'जी' ७.५३.
चढ ०.१० (३० सेंटिमीटर): ३.१७ सेकंद, 'जी' ७.५२.

चढ पाचपट झाला तरी तूट जवळजवळ तेवढीच. आणि मग एका मुलाने जो हिशेब मांडला तो मी शिकवलेला नव्हता. ३० सेंटिमीटर उंचीवर २३ टक्के घर्षणाने खाल्ले, तर घर्षण म्हणजे जवळजवळ ७ सेंटिमीटर उंचीएवढं झालं. मग ६ सेंटिमीटर उंचीवर छर्रा हलायलाच नको होता. तो तर बिनतक्रार खाली येतो!

वर्ग क्षणभर गप्प, मग एकच गलका. घर्षण सुटलं आरोपातून.

पूर्ण नाही सुटलं. आलेखावर आडवा चढ आणि उभं त्वरण घेऊन तीन बिंदू मांडले. त्यांतून जाणारी रेष शून्यातून जात नाही, जराशी उजवीकडून जाते. सरकलेलं अंतर मोजलं तर तीन मीटरला साधारण दीड मिलिमीटर उंचीएवढं. तेवढंच खरं घर्षण. ६ सेंटिमीटरच्या चढावर ते अडीच टक्के खातं, ३० च्या चढावर अर्धा टक्का. म्हणून पहिला आकडा थोडा कमी. रेषेचा तिरपेपणा घेतला की घर्षण आपोआप बाजूला होतं. एकाच चढावर मोजून कधीही थांबू नये, निदान तीन चढ घ्यावेत, हे या प्रयोगातलं सर्वांत कामाचं तंत्र मला वाटतं.

७ ऑगस्ट

रात्रभर वारा होता. सकाळी अँगलमध्ये बारीक धूळ बसलेली, आणि सराव करणाऱ्यांनी ती पुसायच्या आधीच दोन-चार फेऱ्या केल्या. मी ओरडणार होते, तेवढ्यात झाडायला आलेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तळातली धूळ तशीच कशी?"

खाचेच्या दोन्ही बाजूंवर एकेक पुसट रेघ. मधल्या कोनातली धूळ जशीच्या तशी.

छर्रा तळाला टेकतच नाही! तो दोन भिंतींवर टेकून चालतो. सपाटीवर घरंगळताना छर्रा आपल्या पूर्ण त्रिज्येवर चालतो, इथे तो त्याहून लहान वर्तुळावर चालत होता. म्हणजे तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. सात भागांतले पाच हा हिशेब सपाट पृष्ठभागाचा. आमच्या खाचेला तो लागूच नव्हता.

तर्क झाला, पुरावा हवा. तिनेच नखांना लावायचं लाल पॉलिश आणलं, छर्ऱ्यावर ठिपका काढला. आधी टेबलावर हाताने हळू घरंगळवला: दहा फेऱ्यांत ६० सेंटिमीटर. मग अँगलमध्ये: दहा फेऱ्यांत ४२ सेंटिमीटर.

११ ऑगस्ट

हिशेब फळ्यावर. काटकोनी खाचेत टेकण्याचे दोन बिंदू जोडणारी रेष छर्ऱ्याच्या मध्यापासून त्रिज्येच्या ०.७०७ पट अंतरावर येते. ६० चे ०.७०७ पट म्हणजे ४२. ठिपक्याने तेच दाखवलं होतं. फिरण्याचा वेग १.४१ पट, म्हणून फिरण्यातली ऊर्जा त्याच्या वर्गाने, दुप्पट. सपाटीवर पुढे जाण्याला ५ भाग आणि फिरण्याला २. खाचेत पुढे जाण्याला ५ आणि फिरण्याला ४. म्हणजे त्वरण ५/७ नाही, ५/९.

आलेखाच्या रेषेचा तिरपेपणा ५.४०. त्याला ९/५ ने गुणलं: ९.७२.

लंबकाचा ९.७७, अपेक्षा ९.७९ ची. फरक एक टक्क्याच्या आत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू दिल्या, पण लगेच दुसरा प्रश्न टाकला. उत्तर आधी माहीत असताना ते जुळवणारं कारण सापडलं, याला किती किंमत द्यायची? हेच कारण वापरून, उत्तर माहीत नसलेल्या ठिकाणी आकडा आधी सांगता येईल का?

गॅलिलिओच्या काळी हा फिरण्याचा हिशेब कुणाकडे नव्हता, तो नंतरच्या पिढ्यांनी बसवला. तरी त्याचा वर्गाचा नियम बरोबर आला. ५/७ असो की ५/९, तो गुणक सगळ्या अंतरांना सारखाच लागतो, म्हणून गुणोत्तरात दिसत नाही. 'जी' काढायला गेलं की मात्र तो आडवा येतो. २५ जुलैला आम्हाला वेळा एकास दोनास तीन मिळाल्या होत्या आणि उतरणीत काही चुकतंय याची शंकाही आली नव्हती, ती याचमुळे.

१३ ऑगस्ट

आधी सांगायची परीक्षा अशी ठरली. काचेच्या कडांना लावायचा अ‍ॅल्युमिनियमचा 'यू' चॅनेल, आतली रुंदी १२ मिलिमीटर, २६० रुपये. यात छर्रा दोन कडांवर बसतो. मोठा छर्रा कडांवर उंच बसेल, लहान छर्रा आत खोल रुतेल आणि फारच लहान वर्तुळावर चालेल. 'व्ही' खाचेत लहान-मोठे सगळे छर्रे सारख्याच वेळात पोहोचतात, ते आम्ही करून पाहिलं आहे. या चॅनेलमध्ये तसं होता कामा नये.

तीन छर्रे: १४.३, १९ आणि २५.४ मिलिमीटर. मोठा छर्रा जिनिंगमधल्या जुन्या बेअरिंगचा, एका मुलाचे वडील तिथे फिटर आहेत. चढ ०.०५, अंतर २७० सेंटिमीटर. मुलांनी गट करून आकडे काढले आणि मोजणीच्या आधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट केली: लहान ५.१० सेकंद, मधला ४.२८, मोठा ४.०९. फळा कुणी पुसू नये म्हणून वर्गाला कुलूप लावलं.

दुकानातून आणलेल्या चॅनेलच्या कडांना कापल्याची बोच होती. बारीक पॉलिश पेपर फिरवण्यात दोन दिवस गेले. कडा हाताला अजिबात लागता कामा नये.

१८ ऑगस्ट

लहान ५.२१. मधला ४.३३. मोठा ४.१२.

तिन्ही दोन-सव्वादोन टक्क्यांच्या आत, क्रम बरोबर, फरकांचं मापही बरोबर. पोरांना सर्वांत नवल वाटलं ते लहान छर्रा मागे पडण्याचं. 'व्ही' खाचेत बरोबरीने पळणारा तो, इथे मोठ्यापेक्षा सेकंदाहून जास्त मागे. पाहायला आलेल्या आठवीच्या वर्गाला नववीच्याच मुलांनी समजावून सांगितलं आणि त्यांच्यातही कुणीतरी 'घर्षण' म्हणालंच. आमच्या मुलीने शांतपणे विचारलं, "असेल. पण ते तू तपासणार कसं?"

२१ ऑगस्ट

पोळ्याच्या आधी सामान आवरलं. एकूण खर्च अकराशे-साडेअकराशे रुपये, त्यातला पाइप आणि गुटके पुढच्या वर्षीही चालतील. वेळ मात्र ठरवल्याच्या तिप्पट गेला आणि धडा मागे पडला, तो आता जादा तासिकांत भरून काढते आहे.

एक गोष्ट बाकी आहे. तिन्ही वेळा भाकितापेक्षा जास्तच आल्या, एकही कमी नाही, आणि लहान छर्ऱ्याचा फरक सर्वांत मोठा. मागच्या बाकावरचा मुलगा ते फळ्यासमोर उभा राहून बराच वेळ पाहत होता. त्याचं म्हणणं, चॅनेलची रुंदी आम्ही पट्टीने मोजली. ती १२ नसून १२.२ असेल तर लहान छर्ऱ्याला सर्वांत जास्त फरक पडेल, कारण तोच कडांमध्ये सर्वांत खोल बसतो. दुसरीकडे कडांवरचं घर्षणही असू शकतं. रुंदीचा दोष असेल तर चढ बदलला तरी फरकाची टक्केवारी तशीच राहील, घर्षणाचा असेल तर बदलेल. तालुक्याच्या कॉलेजातून बारीक माप घेणारा व्हर्नियर कॅलिपर मागितला आहे. तो येईपर्यंत त्याच्या गटाने ०.०२ आणि ०.१० चढांवरच्या मोजण्या घ्यायच्या ठरल्या आहेत.